ट्राउटचं वेड आणि बारावीनंतरचा फॉर्म

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. सुट्टीत कुलूला गेलो होतो, तिथे पतलीकुहलचं ट्राउट केंद्र पाहिलं. तेव्हापासून ‘मला याच माशांवर काम करायचंय’ हे एकच पालुपद. सोलापुरात राहून हे कसं जमायचं? इथेच झूलॉजी घेऊन बीएससी करावी, असं तिच्या बाबांना वाटतं.
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, झूलॉजी विषय चांगला आहे, पण तुमच्या लेकीच्या वाटेवर तो अडथळा ठरेल. माशांचे आजार, प्रजनन, खाद्य यांत एमएफएससी (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) करायची तर सहसा चार वर्षांची बीएफएससीच (मत्स्यविज्ञानातली पदवी) लागते. तीन वर्षं झूलॉजीत घालवल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून निर्णय आत्ताच घ्या. आपल्या राज्यात रत्नागिरीजवळ शिरगाव, उदगीर आणि नागपूर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत. उदगीर तर लातूरच्या पलीकडेच. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि थंड पाण्यातल्या माशांवर संशोधन करणारी सरकारी संस्था उत्तराखंडात भीमतालला. तिचं स्वप्न भीमतालचं असेल, तरी रस्ता उदगीर-शिरगाववरूनच जातो.

आता ट्राउटबद्दल. या माशाला साधारण 10 ते 18 अंशांचं वाहतं पाणी मानवतं. 25 अंशांच्या आसपास तो तगत नाही. उष्णता स्वतः त्याला सोसत नाहीच, शिवाय एक मोठं कारण ऑक्सिजन. 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात 11 मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, 30 अंशांवर जेमतेम साडेसात. आपल्या मे महिन्यात सोलापुरी पाण्यात ट्राउट जगणं अशक्य. पण उन्हाळ्यात एखाद्या तलावात पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात, तेही ऑक्सिजनच कमी पडल्यामुळे. हे गणित ज्याला उजनीत समजलं, त्याला ते हिमालयातही समजेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ट्राउट आपल्याकडचा नव्हे. ब्राउन ट्राउट इंग्रजांनी 1900च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला, आणि रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा. पाहुण्या माशानं तिथल्या स्नो ट्राउटसारख्या मूळ माशांची जागा आणि खाणं बळकावलं, ही अभ्यासकांची जुनी चिंता. उजनीत चिलापी म्हणजे तिलापिया माशामुळे नेमका हाच प्रश्न उभा आहे. चिलापी आफ्रिकेतली, आज जाळ्यात तीच भरते. मूळ माशांचं संवर्धन शिकायचं तर मुलीला कुलूपर्यंत जायची गरज नाही, हे तिला जरूर सांगा.

नोकरीचं खरं सांगायचं तर निव्वळ ट्राउटवरच्या जागा थोड्या, त्याही बहुतेक डोंगराळ राज्यांत. पण बीएफएससीवर एमपीएससीतून मत्स्यव्यवसाय खात्यात जाता येतं, बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेला बसता येतं, खाद्य आणि बीज कंपन्याही आहेत. बाबांची काळजी यातून बरीच हलकी होईल.

प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात. महाविद्यालयांची माहितीपत्रकं स्वतः वाचा, आणि अखिल भारतीय कोट्यासाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म चुकवू नका. तोपर्यंत एका रविवारी तिला भिगवणच्या मासळी बाजारात न्या. तिथल्या भोई मंडळींना तिनं एवढंच विचारावं : तुमच्या आज्याच्या वेळी जाळ्यात कोणकोणते मासे यायचे? उत्तरं वहीत उतरवून घेऊ दे.