पाडलेल्या घरांच्या लाकडातून व्यवसाय उभा राहील का?

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यात राहतो. चार एकर धानाची शेती आहे. धान निघाल्यावर हाती वेळ असतो, त्या काळात मी गेली सहा वर्षे हौसेने पोळपाट, लाटणी, उलथणी आणि मसाल्याचे डबे तयार करतो. गावात मातीची जुनी घरे पाडून घरकुले बांधली जात आहेत, त्यांचे सागवान आणि बिजा (बिबला) लाकूड मला स्वस्तात मिळते. ओळखीचे लोक पोळपाट २०० रुपयांना घेऊन जातात. कर्ज काढून यंत्रे घ्यावीत आणि हाच व्यवसाय करावा काय? जंगलाचे नुकसान न करता तो कसा चालेल?

उत्तर : व्यवसाय अवश्य करावा, परंतु यंत्रांपासून सुरुवात करू नये. आपली खरी पुंजी ते जुने लाकूड आहे. पन्नास-साठ वर्षे छपराखाली मुरलेल्या आड्याला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडाला, आज अनेक गावांत चुलीपलीकडे किंमत उरलेली नाही आणि त्यापासून केलेल्या वस्तूसाठी एकही उभे झाड तोडावे लागत नाही. अशी घरे कायम पडत राहणार नाहीत, म्हणून जेवढे चांगले लाकूड मिळेल तेवढे आताच घेऊन कोरड्या जागी रचून ठेवावे.

मात्र घेताना प्रत्येक नगाची चौकशी करावी. वाळवी लागू नये म्हणून आपल्याकडे खांबांच्या बुडाला आणि आड्यांना डांबर किंवा गाडीचे जळके ऑईल लावण्याची पद्धत होती. असे लाकूड, तसेच जुना तैलरंग दिलेले लाकूड, कितीही रंधा मारला तरी पोळपाटासाठी वापरू नये. त्याच्या खुंट्या किंवा फळ्या कराव्यात. खिळे शोधण्यासाठी लोहचुंबक फिरवावे. लोखंडाभोवती लाकूड काळे पडलेले असते, तेवढा भाग कापून टाकावा. सागवान गावाबाहेर नेण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याविषयी विचारावे आणि ज्यांचे घर पाडले त्यांच्याकडून तारखेसह लेखी पावती घ्यावी. ही पावती पुढे ग्राहकालाही दाखवता येते.

जुने लाकूड वाळलेलेच असते, असे समजू नये. घर पाडल्यावर ते अंगणात एक पावसाळा पडून राहिले, तर पुन्हा पाणी पिते. मी स्वतः एकदा ऑगस्टमध्ये घाईने चौरंग जोडले. मे महिन्याच्या उन्हात त्यांचे सांधे बोटभर उघडले आणि सर्व नग मला परत घ्यावे लागले. आपल्याकडील उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते, त्यामुळे जोडकाम फेब्रुवारी ते मे या काळात करावे. चिरलेल्या फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या सावलीत रचाव्यात, म्हणजे हवा सर्व बाजूंनी खेळते.

स्वयंपाकाच्या वस्तूंना व्हार्निश लावू नये. शेंगदाण्याचे तेलही लावू नये, कारण ते वाळत नाही आणि काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. पूर्व विदर्भात धानानंतर जवस पेरण्याची रीत आहे. त्याच जवसाचे घाण्यावर काढलेले शुद्ध तेल हवेत घट्ट होते आणि लाकडावर टिकते. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसावे, काही दिवस वाळू द्यावे, असे तीन हात द्यावेत आणि नंतर तीन-चार आठवडे वस्तू विकू नये. रंगाच्या दुकानात ‘उकळलेले’ म्हणून मिळणाऱ्या जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंची संयुगे मिसळलेली असतात, ते येथे चालत नाही. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात.

आता दराविषयी, कारण आपला २०० रुपयांचा दर वाचून मला काळजी वाटली. समजा एका पोळपाटाला लाकूड १५० रुपयांचे, तेल आणि पॉलिश पेपर ४० रुपयांचे आणि वीज २० रुपयांची लागली. तीन तासांचे काम धरले आणि गावात सुताराची रोजी आठ तासांना ६०० रुपये मानली, तर मजुरी २२५ रुपये होते. एकूण ४३५ रुपये. बिघडलेले नग आणि दुकानदाराचा वाटा अजून यात धरलेलाच नाही. या हिशेबाने आपण आजवर केवळ मजुरीच सोडली नाही, तर साहित्य आणि विजेच्या २१० रुपयांपैकी दहा रुपयेही अंगावर घेतले आहेत. ओळखीच्यांना हा हिशेब मोकळेपणाने दाखवावा.

पहिल्या वर्षी पोळपाट-लाटणे आणि उलथणे एवढ्याच वस्तू कराव्यात. नागपूरच्या प्रदर्शनांतून, तसेच ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांच्या निवासस्थानांतून विक्रीची चाचपणी करावी. वर्ध्याला १९३८ साली सुरू झालेले ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय आणि तेथीलच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था एकदा अवश्य पाहावी.

कर्जाची घाई नको. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या, पारंपरिक कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि नंतर पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते. अटी सामायिक सेवा केंद्रात (सीएससी) तपासाव्यात. पुढची पडताळणी ग्रामपंचायतीत होते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, म्हणून मोठी चिराई परवानाधारक गिरणीत करून घ्यावी आणि पुढील काम हातकरवत, रंधा, पटाशी व एखादे सँडिंग यंत्र यांवर चालवावे. धानाची शेती सोडू नये. रोवणीपासून कापणीपर्यंत लाकूड रचलेले राहू द्यावे, आणि त्या काळात आलेली मागणी वहीत लिहून ग्राहकाला फेब्रुवारीनंतरची तारीख द्यावी.