वाचक विचारतात : दाजीपूर की चांदोली?

प्रश्न : नोव्हेंबरच्या अखेरीस एक शनिवार-रविवार घरातील सर्वांनी जंगलात घालवावा, असे आम्ही ठरवले आहे. आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि सत्तरी गाठलेल्या सासूबाई अशी पाच माणसे आहोत; गाडी घरची आहे. शनिवारी दाजीपूर आणि रविवारी चांदोली, अशी दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत पाहावीत, असे यजमानांचे म्हणणे आहे. मुलांना वाघ पाहायचा आहे. हे जमेल का आणि तयारी कोणती करावी?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : गाडी पळवली तर जमेल, तरीही तसे करू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. दाजीपूर कोल्हापूरच्या नैर्ऋत्येला, राधानगरीवरून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे, तर चांदोली वायव्येला वारणेच्या खोऱ्यात जवळपास तितक्याच अंतरावर आहे. म्हणजे एका जंगलातून दुसऱ्यात जायचे तर बराचसा जिल्हा ओलांडावा लागतो. जंगलात काही दिसण्याच्या खऱ्या वेळा दोनच असतात, उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि दिवस मावळण्यापूर्वीचा तास-दीड तास. दोन ठिकाणांच्या धावपळीत नेमक्या याच वेळा रस्त्यावर जातात आणि पदरात पडते ती दुपार, जेव्हा जनावर सावलीला बसलेले असते आणि पाखरेही गप्प असतात. तेव्हा एकच जंगल निवडा. मुले आणि वयस्कर व्यक्ती सोबत असताना मी दाजीपूर निवडेन. चांदोली वेगळ्या फेरीसाठी ठेवा. कोकरूड, आरळा, मणदूर या रस्त्याने तेथे निवांतपणे जाता येते आणि ते जंगलही पूर्ण दिवस देण्याच्या योग्यतेचे आहे.

दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानच्या काळात राखीव शिकारीचे रान होते आणि त्या राखणीमुळेच ते पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिले. १९५८ मध्ये ते गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले; १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य तयार झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांपैकी महाराष्ट्रात चारच आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मुलांना हे सांगताना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. भोगावती, तुळशी आणि दूधगंगा या नद्या याच डोंगररांगांत उगम पावतात; भोगावती आणि तुळशीचे पाणी पंचगंगेत येते, तर दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने शहराला पाणी येते. पावसाळ्यात कोसळणारे पाणी धरून ठेवून ते उन्हाळ्यापर्यंत थोडे थोडे सोडण्याचे काम हे रान करते. आपण जे जंगल पाहायला जातो आहोत त्याच्यामुळे आपल्या नळाला पाणी आहे, हे मुलांना जाण्यापूर्वी कळलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

आता वाघाविषयी. मुलांना वाघाचे वचन देऊन नेऊ नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण तेथेही वाघांची संख्या अत्यंत कमी राहिली आहे. २०१८ मध्ये चांदोलीत वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला, तर ती मोठी बातमी झाली होती. ही संख्या वाढावी म्हणून ताडोबाच्या बाजूने वाघिणी आणून सोडण्याचे काम २०२५ मध्ये सुरू झाले आहे. शिवाय विदर्भातले साग-बांबूचे जंगल पानगळीचे असते, उन्हाळ्यात ते मोकळे होते आणि लांबवर दिसते. आपल्याकडे अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा यांची बारमाही हिरवी दाटी असल्यामुळे वीस पावलांवर उभे असलेले जनावरही नजरेस पडत नाही. येथे पाहण्याची रीतच वेगळी आहे. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोल गोळा दिसला तर ते शेकरूचे घरटे असते, आणि एक शेकरू अशी अनेक घरटी बांधते. ओल्या मातीत गव्याचे खूर, भेकराचे लहान टोकदार खूर, झाडाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे, वाटेच्या मधोमध बिबट्याची केस मिसळलेली विष्ठा, या खुणा वाचायला वाटाड्या शिकवतो आणि मुले त्यात फार लवकर रमतात. एक साधी वही आणि पेन्सिल त्यांच्या हाती द्या. दुर्बीण एकच असली तरी ती पाळीपाळीने सर्वांना मिळेल, असे ठरवून घ्या.

गवा मात्र दिसण्याची चांगली शक्यता आहे. जांभ्या दगडाच्या मोकळ्या माळांना आपल्याकडे सडा म्हणतात. सावराई सड्यासारख्या ठिकाणी आणि पाणवठ्यांजवळ सकाळ-संध्याकाळ कळप चरायला उघड्यावर येतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोंच्या आसपास भरतो, आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसले की दुसरे जनावर असण्याची शंका राहत नाही. गवा शांत आहे म्हणून तो निरुपद्रवी आहे, असे समजू नये. वासरे असलेला कळप आणि एकटा फिरणारा म्हातारा नर यांच्याबाबत विशेष सावध राहावे. त्याने मान खाली घालून फुरफुरायला किंवा आडवे उभे राहून अंगाची पूर्ण बाजू दाखवायला सुरुवात केली, तर तो इशारा असतो. अशा वेळी गाडीतून उतरू नये, हॉर्न वाजवू नये, इंजिनाची घरघर वाढवू नये, आणि कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचे जनावर जाईपर्यंत थांबावे. फोंडा घाटाच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर गवे आडवे येतात, म्हणून शनिवारी उजेडातच मुक्कामी पोहोचा.

नोव्हेंबरची अखेर आपण योग्य निवडली आहे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटनासाठी बंद असते. ते उघडल्यानंतर ओढ्यांना पाणी असते, फुलपाखरे भरपूर असतात आणि सकाळी दाट धुके पडते. धुक्यामुळे निराश होऊ नका. ते वर चढले की पक्ष्यांची हालचाल एकदम सुरू होते. फक्त गवेच पाहायचे असते तर मी एप्रिल-मे सांगितले असते, कारण तेव्हा पाणी थोड्याच जागी उरते. पण त्या दिवसांत वयस्कर माणसांना उन्हाचा त्रास होतो.

शनिवारी सकाळी निघून राधानगरीला जेवण करा, तेथेच पेट्रोल भरून घ्या आणि दुपारनंतर राजर्षी शाहू महाराजांनी उभारायला घेतलेले लक्ष्मी तलावाचे धरण पाहा. मुक्काम राधानगरीत किंवा दाजीपूरच्या आसपास करावा. वन विभागाची निवासव्यवस्था हवी असेल तर महिनाभर आधी आरक्षण करा. शुल्क, प्रवेशाची वेळ आणि त्या दिवशी जंगल उघडे असल्याची खात्री वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून निघण्याच्या आदल्या दिवशी करून घ्या, कारण हे नियम बदलत असतात. रविवारी उजाडताना प्रवेशद्वारावर हजर राहा. आतला रस्ता कच्चा आणि दगडांचा आहे, त्यामुळे घरची गाडी बाहेर ठेवून स्थानिक जीप आणि वाटाड्या घ्या. त्यात दोन्ही बाजूंचे हित आहे : गाडीचा तळ वाचतो, आणि अभयारण्यामुळे ज्यांच्या चराईवर व शेतीवर बंधने आली त्या वाड्यांतल्या मुलांना चार पैसे मिळतात. या दुसऱ्या कारणासाठी मी घासाघीस न करण्याची विनंती करीन.

सासूबाईंना जीपमध्ये पुढची जागा द्या. मागे धक्के फार बसतात. गुडघ्यांचे दुखणे असेल तर त्यांनी सड्यापर्यंतच यावे आणि उगवाई देवीचे दर्शन घ्यायचे असल्यास कितपत चालावे लागेल हे वाटाड्याला आधीच विचारावे. आत स्वच्छतागृह नाही असे धरून चाला. त्यांची नेहमीची औषधे दोन दिवसांपेक्षा जास्त बरोबर ठेवा. जंगलात बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून कधी परतणार हे घरी राहिलेल्या कोणाला तरी सांगून ठेवा. रेंज असलेल्या ठिकाणाहून रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागाच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक उपयोगी पडतात.

कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचावेत. ओलसर पाचोळ्यात जळवा असतात. चिकटलेली जळू ओढून काढू नये, मीठ लावले की ती सुटते. गोचिडीकडे अधिक गांभीर्याने पाहावे, कारण शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. त्याचा जोर हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत असतो. तरीही परतल्यावर सर्वांनी गरम पाण्याने अंघोळ करावी, मुलांच्या काखा, मान आणि कानांमागची जागा तपासावी, आणि पुढच्या आठवडाभरात कोणाला कडक ताप व डोकेदुखी झाली तर आपण जंगलात जाऊन आलो होतो हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे.

प्रश्न : आमच्या तालमीचे पंधरा-वीस जण दरवर्षी थंडीत रस्सामंडळ, म्हणजे उघड्यावर चूल मांडून मटण-रस्स्याचे एकत्र जेवण, करतात. यंदा शेताऐवजी दाजीपूरच्या जंगलात चूल मांडावी आणि रात्री शेकोटीभोवती तंबू ठोकून राहावे, असा बेत आहे. स्पीकर लहानच नेणार आहोत. परवानगी कुठे मिळेल?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : अशी परवानगी मिळणार नाही आणि ती मिळू नये, हेच योग्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावण्यास किंवा पेटती ठेवण्यास मनाई आहे, आणि कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. थंडीच्या अखेरीस सड्यावरचे गवत पूर्ण वाळून जाते; चुलीतली एक ठिणगी वाऱ्याने त्यात पडली तर वणवा डोंगराच्या कडेने मैलोन्‌मैल पसरतो, आणि त्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरपटणारे जीव व नुकते रुजलेले रोप यांपैकी काहीच वाचत नाही. मटणाच्या वासाने अस्वल आणि रानडुकरे उरलेल्या अन्नाकडे येतात. एकदा ती सवय लागली की पुढचा त्रास शेजारच्या वाडीला होतो. लहान स्पीकरही तेथे लहान राहत नाही, कारण रात्रीच्या शांततेत तो पलीकडच्या दरीपर्यंत ऐकू जातो.

रस्सामंडळ ही आपल्याकडची जिवाभावाची गोष्ट आहे आणि ती सोडा, असे मी म्हणणार नाही. ते अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कोणाच्या तरी मालकीच्या शेतात, मालकाच्या संमतीने आणि विहिरीजवळ करा; निघण्यापूर्वी चूल पाण्याने पूर्ण विझवा, नुसती माती लोटून जाऊ नका. जंगलासाठी दुसरा दिवस ठेवा आणि त्या दिवशी पाच-सहा जणांच्या गटांनी जा. वीस माणसांचा एकत्र घोळका, तो कितीही शिस्तीचा असला तरी, जनावराला अर्ध्या किलोमीटरवरून कळतो. डबा भाकरी-चटणीचा, सुका, कागदात किंवा फडक्यात बांधलेला न्यावा, आणि नेलेले सारे परत आणावे. दारू बरोबर नेऊ नका. नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. चांदोलीच्या हद्दीतील प्रचितगड एकट्याने करता येईल का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : एकट्याने जाऊ नका. प्रचितगड राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो आणि अशा क्षेत्रात पर्यटनासाठीही परवाना लागतो. परवान्याशिवाय आत सापडल्यास गुन्हा दाखल होतो. कोकणच्या बाजूने संगमेश्वर तालुक्यातील शृंगारपूरहून चढणारी वाट प्रचलित आहे, पण ती खड्या चढाची आणि दाट रानातली आहे. गावातला वाटाड्या सोबत नसेल तर ढोरवाटांमध्ये मूळ वाट हरवते. एखाद्या अनुभवी गिर्यारोहण संस्थेबरोबर, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, वन्यजीव विभागाकडे लेखी अर्ज करूनच जा. अर्जात सर्वांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती, जाण्या-येण्याची वाट आणि परतीची वेळ लिहा, आणि मंजुरीचा कागद छापून जवळ बाळगा. गस्तीवरचे वनरक्षक तो मागतात.