पाण्याचा हिशेब: मोजलेला किती, धरलेला किती?

पाणीवापराच्या नोंदींविषयी रत्नागिरी-रायगडकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या नळयोजनेला मीटर नाही. महिन्याचा उपसा कळवताना पंपाचे तास गुणिले पंपाच्या पाटीवरचा डिस्चार्ज (तासाला किती पाणी फेकतो तो आकडा) असं लिहितो. चालेल का? (पंपचालक, राजापूर तालुका)

नाही चालणार. पाटीवरचा डिस्चार्ज ठरावीक उंचीसाठी असतो आणि तुमची विहीर खाली व्हाळाकाठी (ओढ्याकाठी), टाकी वर सड्यावर (कातळ पठारावर). शिवाय तासांच्या नोंदीत वीज गेलेला वेळही सर्रास धरला जातो. त्यापेक्षा विजेच्या युनिटांवरून हिशेब करा.

टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. टाकीतलं पाणी टेपने मोजा, वीजमीटरचं रीडिंग लिहा आणि पंप चालू करा. पाणी ५० सेंटिमीटर चढलं की पंप बंद करून पुन्हा रीडिंग घ्या. समजा टाकी गोल आहे आणि आतला व्यास ५ मीटर. तळाचं क्षेत्रफळ १९.६ चौरस मीटर, म्हणजे ५० सेंटिमीटरला ९,८०० लिटर. एवढ्याला ३.८ युनिट लागली तर एका युनिटला साधारण २,५८० लिटर. महिन्याच्या युनिटांना याने गुणलं की झालं.

आलेला आकडा पडताळूनही पाहता येतो. एक युनिट वीज, काहीही वाया न जाता, ३६७ घनमीटर पाणी एक मीटर उचलते. पंप आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली, तर २,५८० लिटर म्हणजे एकूण उंची ५७ मीटरच्या आसपास. यात पाइपातलं घर्षणही आलं. तुमची प्रत्यक्ष उंची जेमतेम ३० मीटर असेल तर पंप झिजलाय, फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप) गळतोय किंवा चढती लाइन (पंपापासून टाकीपर्यंतचा पाइप) कुठेतरी फुटलीय.

ही चाचणी ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशी तीनदा घ्या. जांभ्यातल्या विहिरीची पातळी मेपर्यंत ६ मीटर उतरली तर वरच्या उदाहरणात उंची ५७ची ६३ होते आणि युनिटमागे सुमारे १० टक्के पाणी कमी येतं. त्याच वीजमीटरवर रस्त्याचे दिवे नाहीत ना, हेही बघा. आणि या पद्धतीने टाकीत पडलेलं पाणी कळतं; वाटेतल्या गळतीसह विहिरीतून उपसलेलं नव्हे. वहीत तसंच लिहा.

प्रश्न: मीटर बसवला, पण टाकीच्या हिशेबापेक्षा तो बराच जास्त दाखवतो. (ग्रामपंचायत सदस्य, गुहागर तालुका)

तो कुठे बसवलाय? टाकीतून वाडीकडे जाणाऱ्या लाइनवर असेल तर बहुतेक हवा मोजतोय. पाणी दिवसातून एकदाच सुटतं, मधल्या वेळात पाइप रिकामा होतो आणि पाणी सोडलं की पुढची हवा मीटरचं चाक गरगर फिरवते. मीटर चढत्या लाइनवर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेच्या) पुढे, पाइप कायम भरलेला राहील अशा जागी हवा. साध्या यांत्रिक मीटरला आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप लागतो. ८० मिलिमीटरच्या लाइनला ८० आणि ४० सेंटिमीटर. एल्बोला (पाइपाच्या वळणाला) चिकटून बसवलेला मीटर खरं सांगत नाही.

मीटर कमी दाखवत असेल तर चाकात रेती किंवा जांभ्याची कणी अडकलेली असू शकते. काळे आकडे घनमीटरचे, लाल घनमीटरच्या अंशांचे. लालही काळ्यांना जोडून वाचले की महिन्याचा उपसा भलताच फुगतो.

प्रश्न: आमच्याकडे दरडोई पाणी गणपतीत ८० लिटरवर जातं. नोंद चुकली का? (ग्रामसेवक, लांजा तालुका)

भागाकार चुकला. दिवसाचे ४० हजार लिटर यादीतल्या ५०० लोकांनी भागले की ८०. पण चाकरमानी धरून गावात ८०० माणसं असतील तर ५०च. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरशी तुलना करायची तर त्या महिन्यात गावात असलेली माणसं धरा. आंबा हंगामातले नेपाळी राखणदारही मोजा, तेही पाणी पितात.

प्रश्न: देशाचा पाणीवापर अखेर कोण मोजतं? आणि कोयनेचं पाणी कोणाच्या खात्यात? (शिक्षक, चिपळूण)

बराचसा भाग मोजला जात नाही, अंदाजला जातो. केंद्रीय भूजल मंडळ राज्यांच्या यंत्रणांसोबत भूजलाचं मूल्यांकन करतं, २०२२पासून दरवर्षी. उपसा काढण्याची एक नेहमीची रीत म्हणजे विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीचा सरासरी उपसा. संख्येसाठी लघुसिंचन गणना कामी येते, पहिली १९८६-८७ची. गोम आहे ती सरासरीत. नारळ-सुपारीच्या बागेला उन्हाळाभर पाणी लागतं, हापूसच्या मोठ्या झाडांना ते बहुतेक जागी लागतच नाही. दोन्ही विहिरींना एकच सरासरी लावली की तालुक्याचा आकडा कागदावरच जुळतो. अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षण संस्था १९५० ते २०१५ दर पाच वर्षांनी वापरनिहाय आकडे काढत होती. तिथेही शेतीचा मोठा भाग अंदाजावरच.

कोयनेचं कोडं खरोखर गमतीचं आहे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी दिलं. टर्बाइनमधून जाताना ते संपत नाही, म्हणून वीज क्षेत्राने प्रत्यक्ष संपवलेलं पाणी जवळपास शून्य. पण कृष्णा खोऱ्याला ते परत मिळत नाही, त्यामुळे त्या खात्यात ते पूर्ण गेलेलं. आणि वीज झाल्यावर ते ज्या वाशिष्ठी नदीत पडतं, तिच्या खात्यात आयात. म्हणून 'खोऱ्याबाहेर दिलं' आणि 'बाहेरून आलं' हे दोन रकाने वेगळे लागतात. नाहीतर तेच पाणी एकदा विजेच्या नावावर आणि एकदा खालच्या नळयोजनेच्या नावावर चढतं, आणि उरलेलं दाभोळच्या खाडीला मिळतं ते कुठेच दिसत नाही.

प्रश्न: ज्या दिवशी रीडिंग घेतलं नाही तिथे शून्य लिहायचं का? (पंपचालक, श्रीवर्धन तालुका)

मुळीच नको. शून्य म्हणजे पंप चालला नाही. रीडिंग राहिलं असेल तर रकाना कोरा ठेवून शेजारी कारण लिहा: पूर, मीटर बंद. मीटर चालू असेल तर पुढच्या रीडिंगमधून मधल्या दिवसांची बेरीज तशीही मिळते. ती दिवसांवर सारखी वाटून भरू नका.