आधी डिपॉझिट मागितले, मग ‘खाट नाही’ म्हणाले

डिचोलीहून एका वाचकाने लिहिले आहे: ‘रात्री अकराच्या सुमारास माझ्या बाबांच्या (वय ६१) छातीत कळ आली. त्यांना गाडीत घालून म्हापशातल्या एका खाजगी इस्पितळात नेले, तेव्हा ११.४० झाले होते. काउंटरवर ५० हजार डिपॉझिट मागितले. १२ हजार आत्ता भरतो, बाकीचे सकाळी देतो म्हणालो, दीनदयाळ कार्डही (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे) दाखवले. काउंटरवरच्याने आत फोन लावला आणि मग सांगितले, खाट शिल्लक नाही, बांबोळीला न्या. नाडीसुद्धा कोणी पाहिली नाही. गोमेकॉत (बांबोळीचे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळ) पोचेपर्यंत पाऊण वाजत आला होता. अँजिओप्लास्टी झाली, बाबा वाचले, पण हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर आले आहे. याला तीन आठवडे झाले. त्या इस्पितळाचा एक कागदही आमच्याकडे नाही. काही करता येईल का?’

करता येईल. कायदा तुमच्या बाजूचा आहे. हात अडतो तो पुराव्याशी, आणि तीन आठवडे उलटून गेल्यामुळे घाई करायची ती तिथेच.

सीसीटीव्हीचे चित्रीकरण फार दिवस राहत नाही, जुन्यावर नवे चढत जाते. म्हणून आजच इस्पितळाच्या वैद्यकीय अधीक्षकांना साधे पत्र लिहा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा. त्या रात्री ११.३० ते १२.१५ या वेळेतले प्रवेशद्वाराचे आणि काउंटरचे चित्रीकरण जपून ठेवावे, आपत्कालीन विभागाची नोंदवही व त्या वेळच्या खाटांची नोंद जपावी, ड्यूटीवरच्या डॉक्टरांचे नाव कळवावे, एवढेच त्यात असू द्या. भरपाईचा किंवा कोर्टाचा शब्द काढू नका. पत्र मिळाल्यावरही चित्रीकरण नाहीसे झाले, तर त्याचा जाब ग्राहक आयोगापुढे त्यांना द्यावा लागेल.

दुसरा कागद गोमेकॉतच आहे. कॅज्युअल्टीतल्या केसपेपरवर रुग्ण कुठून आणला, कळ कधी सुरू झाली, हे लिहून घेतात. ‘खाजगी इस्पितळातून आणले’ एवढे तीन शब्द तिथे असले, तरी ते तुमच्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जड भरतील, कारण लिहिणाऱ्या डॉक्टरला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. नोंद नसेल तर ती आता घालून द्या म्हणून कुणाच्या मागे लागू नका. मागाहून घातलेली ओळ उलटतपासणीत उघडी पडते आणि बाकीच्या कागदांवरही संशय येतो. केसपेपर, पहिला ईसीजी, अँजिओग्राफीचा आणि टूडी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल यांसाठी अर्ज बाबांच्या सहीने करा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

बाकी पुरावा तुमच्या मोबाइलमध्ये आहे: त्या रात्रीचे लोकेशन, कुणाकुणाला फोन केले, घरच्यांना पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश. नुसते स्क्रीनशॉट काढून मोबाइल बदलू नका. अशा डिजिटल पुराव्याला तो कोणत्या उपकरणातून कसा काढला याचे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे जोडावे लागते. गाडी कोण चालवत होते, काउंटरपाशी कोण उभे होते, त्या प्रत्येकाने आठवते तसे वेगवेगळे लिहून ठेवावे. एकत्र बसून लिहिलेले जबाब एकाच साच्याचे होतात आणि तसे दिसतातही.

आता इस्पितळ काय म्हणेल ते पाहू. ‘आमच्याकडे कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) नाही, वेळ वाया जाऊ नये म्हणून गोमेकॉत जायला सांगितले’ हा त्यांचा सर्वात बळकट बचाव आहे, आणि तो सरसकट खोटाही नसतो. रुग्णाला पुढे पाठवणे हा गुन्हा नव्हे. पण त्याची रीत असते. आधी तपासायचे, ईसीजी काढायचा, ॲस्पिरिनसारखे प्राथमिक औषध द्यायचे, चिठ्ठी लिहायची, पुढच्या इस्पितळाला फोन करायचा आणि १०८ बोलवायची. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत काढायचा, हा वैद्यकशास्त्रातला मान्य दंडक आहे. गोव्यात २०१८ च्या अखेरीपासून स्टेमी (हृदयविकाराच्या तीव्र झटक्यावरील उपचारांच्या) प्रकल्पाखाली लहान सरकारी केंद्रांतही ईसीजी काढून रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन देतात; खाजगी इस्पितळाला साधा ईसीजी जमला नाही, हे पटवणे त्यांना अवघड जाईल. शिवाय खाट नव्हती तर ५० हजार कशाचे मागत होते? पैशांची गोष्ट आधी निघाली की खाटेची, हा क्रम तुमच्या तक्रारीचा कणा आहे. तो मिनिटांनिशी लिहा.

दीनदयाळ कार्डावर मात्र भर देऊ नका. इस्पितळ योजनेच्या यादीत नसेल तर कार्ड नाकारणे ही चूक ठरत नाही. यादीत असेल तर वेगळी तक्रार आरोग्य सेवा संचालनालयाकडे करा.

जीव वाचवणे हे सरकारी आणि खाजगी, दोन्हीकडच्या डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सांगितले. तरी खाजगी इस्पितळाविरुद्ध भरपाईची सरळ वाट ग्राहक आयोगाचीच. ‘पैसेच घेतले नाहीत, मग तुम्ही ग्राहक कसे?’ असे विचारतील. कायद्यातली व्याख्या दिलेल्या मोबदल्याइतकीच कबूल केलेल्या मोबदल्यालाही लागू आहे, आणि १२ हजार तुम्ही पुढे केले होते. डिपॉझिट भरले नाही म्हणून उपचार थांबवणाऱ्या कोलकात्याच्या एका खाजगी इस्पितळाला राष्ट्रीय आयोगाने २००५ साली १० लाख द्यायला लावले होते. तक्रार बाबांच्या नावाने, उत्तर गोवा जिल्हा आयोगात. सेवेचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मग भरपाई कितीही मागा. इस्पितळाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५.

रक्कम मागताना सांभाळा. पंपिंग ३५ वर आले ते सगळे या नकारामुळे, असे लिहू नका. कळ येऊन तेव्हा ४० मिनिटे झालीच होती. या उशिराने किती नुकसान झाले हे हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय सिद्ध होत नाही. ते मत प्रतिकूल आले तरी न तपासता परत पाठवणे ही सेवेतली त्रुटी उरतेच, म्हणून दोन्ही मागण्या वेगवेगळ्या मांडा.

गोवा वैद्यकीय परिषदेकडे तक्रार डॉक्टरविरुद्ध होते, इस्पितळाविरुद्ध नव्हे. म्हणून ‘आत फोन’ कुणाला लावला ते कळेपर्यंत थांबा. डॉक्टरला काहीच कळवले नसेल तर तिथे हाती काही लागणार नाही. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि सरकारी डॉक्टरचे मतही घ्यावे लागते. वर्ष त्यातच जाते.

हाच नकार सरकारी इस्पितळाने दिला असता तर वाट बदलली असती. मोफत सेवेला ग्राहक कायदा सहसा लागत नाही, तिथे एका वर्षाच्या आत मानवी हक्क आयोग किंवा पर्वरीला उच्च न्यायालयात याचिका.

तुमची मुदत घटनेपासून दोन वर्षे. ती लांब वाटली तरी तज्ज्ञाचे मत मिळवण्यातच काही महिने जातात, म्हणून येत्या चार-सहा महिन्यांत तक्रार दाखल होईल असे पाहा.