तिन्ही आजार घरात आहेत, मग मला होणारच ना?

“मॅडम, बाबांना बीपी आणि शुगर, आईला कोलेस्टेरॉल. मला होणारच. मग आतापासून जीभ का मारायची?”

भांडुपचा एकतीस वर्षांचा तरुण, अंगाने काटकुळा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ऑफिसच्या तपासणीत बीपी १३८/८८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २२० आले होते. जनुकांची महागडी चाचणी करायची तयारी करूनच तो आला होता.

मी आधी टेप काढली. कंबर ९३ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी ९० ही मर्यादा. वजन उंचीच्या मानाने ठीक, पण चरबी पोटात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत: आपली माणसं बारीक दिसतात आणि आतून चरबीदार असतात.

मग समजावलं. हे तीन आजार पुष्कळदा एकाच मुळाचे फाटे असतात. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. त्या जादा इन्शुलिनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, बीपी चढतो. यकृत रक्तात जास्त चरबी सोडतं. स्वादुपिंड दमलं की शुगर वाढते. अमेरिकेतले डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली हे धागे एकत्र जोडून दाखवले. आईवडिलांकडून येतो तो या साखळीकडे असलेला कल, आणि तोही शेकडो जनुकांतून चिमूट चिमूट. मधुमेहाशी जोडलेलं टीसीएफ७एल२ हे त्यातलं ठळक जनुक. त्याचा जोखमीचा प्रकार आईवडील दोघांकडून मिळालेल्यांनाही अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वजन घटवण्याचा आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचा फायदा झाला. त्या अभ्यासात या उपायांनी एकूण मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. चाचणीचे पैसे त्याला मी वाचवायला सांगितले.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायचा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९०च्या वर असेल, घरात कुणाला ऐन चाळिशीत हार्ट अटॅक आला असेल, तर एकाच जनुकाचा दोष असू शकतो. तो प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी, आणि तिथे नुसतं पथ्य पुरत नाही, औषधं लागतातच. याचा एलडीएल १२४ होता.

कागदावर घराण्याचा तक्ता काढत होते. “बहीण?”

“ताई एकदम ठणठणीत. दुसऱ्या बाळाच्या वेळी शुगर वाढली होती, पण बाळंतपणानंतर गेली.”

“नंतर कधी तपासली?”

“नाही. बाळ आता चार वर्षांचं आहे.”

मी पेन खाली ठेवलं. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह व्हायचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत ग्लुकोज पिऊन तपासणी करायची आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तासभर आम्ही याच्या काळजीत होतो, आणि त्या घरात सर्वांत आधी रक्त तपासायला हवं होतं ते तिचं.

तो तसाच उठला. बाहेरच्या बाकावरून त्याचा आवाज ऐकू आला, “ताई, उद्या सकाळी चहा घेऊ नकोस, मी येतोय तुला न्यायला.”