तापीकाठच्या गाडवाटा आणि सायकल

प्रश्न : माझ्या सायकलीचे टायर २५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. हिवाळ्यात तापीकाठच्या गाडवाटांनी चांगदेव गावापर्यंत जाण्याचा विचार आहे. यासाठी ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) घ्यावीच लागेल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : डांबरी रस्त्यासाठी आपले टायर उत्तम आहेत, मात्र मुरमाच्या वाटेवर आणि बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोरीत ते हाडे खिळखिळी करतील. ग्रॅव्हल सायकलीचे ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर कमी हवेवर चालतात, त्यामुळे हादरे टायरच सोसतो आणि पकडही वाढते. नवी सायकल घेण्यापूर्वी आपल्या सायकलीच्या चिमट्यात (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) आणि चौकटीत किती रुंद टायर मावतो, हे मात्र मोजून पाहावे.

खरा शत्रू बाभळीचा काटा. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात, म्हणून ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरणे हा खर्च मी अनाठायी मानत नाही. तरीही एक ट्यूब जवळ असावीच.

काळ्या जमिनीबाबत निष्काळजीपणा नको. ही माती ओली झाली की फुगते, चाकाला थरांवर थर चिकटतात आणि चिमट्यात गच्च बसून चाक फिरेनासे होते. अवकाळी सर आली, तर दोन-तीन दिवस थांबावे.

नकाशावर नदीकाठ सलग दिसत असला, तरी तापीच्या काठाला जागोजागी खोल घळी पडल्या आहेत, म्हणून गावागावांतून जाणाऱ्या शिवाररस्त्यांनीच पुढे सरकावे. केळीच्या बागेतून जायचे असल्यास मालकाला आधी विचारावे. ठिबकच्या नळ्यांवरून सायकल नेऊ नये.