बारावीचे गणित नेमके कुठे अडते?

दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेल्या मुलांना बारावीत कॅल्क्युलस आणि व्हेक्टर्स का जमत नाहीत, आणि अशा वेळी इंजिनिअरिंगचा विचार सोडून द्यावा काय, हा प्रश्न घेऊन दिवाळीच्या सुमारास नागपुरातले बरेच पालक माझ्याकडे येतात. मोघम उत्तर देण्यापेक्षा एका विद्यार्थिनीची हकिकत सांगते; तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृणाल मराठी माध्यमातून दहावी झालेली. अकरावीत एकाएकी सगळे इंग्रजीतून आले, कॉलेजपेक्षा शिकवणी वर्गातच अधिक वेळ जाऊ लागला आणि तिथे अकरावीचा भाग घाईने उरकून बारावीला आरंभही झाला होता. "मॅडम, पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून राहते, पण पेपरात काहीच उतरून नाही राहिलं," असे तिचे बाबा म्हणाले. ती स्वतः एवढेच म्हणाली, "मला मॅथ्सचं डोकंच नाही."

अशा वाक्याशी मी वाद घालत नाही, कारण 'तुला येईल गं' असे म्हटल्याने कोणाला काही येत नसते. मी तिला चाचण्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका आणायला सांगितल्या आणि ज्या ओळीवर पेन थांबले तिथे पेन्सिलने खूण करायला लावली. गणित हा माझा विषय नसल्यामुळे एका निवृत्त प्राध्यापकांना सोबत बसवले होते.

खुणा पाहिल्यावर चित्र बरेच पालटले. साइन स्क्वेअर एक्सचे इंटिग्रेशन अडले होते ते इंटिग्रेशनमुळे नव्हे, तर कॉस टू एक्सचे अकरावीतले सूत्र वेळेवर न आठवल्यामुळे. ते सूत्र वापरून वर्ग काढून टाकला की उरलेले काम दोन ओळींचे असते. छेदात वर्गमूळ आले की त्याला 'घात वजा एक छेद दोन' असे लिहायचे असते, हे तर घातांकांचे त्याहूनही जुने काम. खरी बारावीची म्हणावी अशी चूक एकच वारंवार दिसली, ती चेन रूलची: डेरिव्हेटिव्ह काढताना साइनच्या कंसात एक्सचा वर्ग असला, तर ती बाहेरचे कॉस लिहून थांबायची आणि आतल्या वर्गाचा टू एक्स गुणायचा राहून जायचा.

व्हेक्टर्सची गोष्ट निराळी होती. तिथे सूत्रे पाठ होती, पण डॉट प्रॉडक्टचे उत्तर नुसती संख्या असते आणि क्रॉस प्रॉडक्टचे उत्तर दोन्ही व्हेक्टर्सना लंब असलेला तिसरा व्हेक्टर असतो, हा भेद तिच्या मनात पक्का झालेला नव्हता. रेषेच्या समीकरणातल्या लॅम्डाची ती किंमत शोधत बसे. सरांनी खोलीचा कोपरा दाखवला, जमिनीच्या दोन कडा आणि उभी कड हे तीन अक्ष मानायला सांगितले आणि लॅम्डाला शून्य, एक, दोन, वजा एक अशा किमती द्यायला लावल्या. दर किमतीला त्याच रेषेवरचा एक नवा बिंदू मिळतो हे वहीवर दिसल्यावर ती जरा चिडूनच म्हणाली, "हे कोणी सांगितलंच नाही!"

यानंतरचा बेत साधा होता. रोज पहिला अर्धा तास अकरावीच्या त्रिकोणमितीला आणि फंक्शन्सना, डेरिव्हेटिव्ह हातात बसेपर्यंत इंटिग्रेशनची नवी उदाहरणे बंद, आणि सोडवलेले उदाहरण वाचल्यावर पुस्तक मिटून तेच पुन्हा कागदावर उतरवायचे. बाबांचा आक्षेप होता की बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत असताना अकरावीत वेळ कशाला घालवायचा. त्यांना मी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या राज्य पातळीवरील सीईटीकडे पाहायला सांगितले: तिथे गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि वेळ ९० मिनिटे असते, सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यांना आणखी एक शिकवणी लावायची होती. दिवाळीनंतर नवी शिकवणी लावणे हा माझ्या मते सर्वांत महागडा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे, कारण तिथेही सुरुवात पुढच्याच धड्यापासून होते. त्याऐवजी घरी 'किती मिळाले?' हा प्रश्न काही आठवडे बंद ठेवून 'आज कोणत्या पायरीवर अडलं?' असे विचारायचे ठरले.

मृणालची झोप बिघडली होती, पण जागरण थांबवल्यावर ती सुधारली. तशी ती सुधारली नाही, जेवण तुटले किंवा मूल जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर अभ्यासाचे वेळापत्रक बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

सराव परीक्षेत तिला ८०पैकी ४७ गुण मिळाले. व्हेक्टर्स ती आता आधी सोडवते. डेफिनिट इंटिग्रेशनने क्षेत्रफळ काढताना आलेख चुकतो तो अजून चुकतोच. बाबांच्या मनात व्हीएनआयटी हे नागपुरातले राष्ट्रीय इंजिनिअरिंग कॉलेज होते, आणि तिथला प्रवेश जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेतून होत असल्यामुळे त्या विषयावर एक वेगळी बैठक घ्यावी लागली. जेईई सोडून बोर्ड आणि सीईटीवरच भर देण्याचा मुलीचा निर्णय त्यांनी थोड्या नाराजीने का होईना, त्या बैठकीत मान्य केला.